भगवा स्वच्छ, निळ्यावर पट्टे

प्रश्न : रिठदला आमचं फ्लेक्सचं छोटं दुकान आहे. मागच्या वर्षी जुनं सोल्व्हंट मशीन घेतलं. शिवजयंतीचे बॅनर झकास निघाले. एप्रिल लागला आणि निळ्या बॅनरवर आडव्या फिकट रेषा यायला लागल्या. निळा रंगही जांभळट पडतो. कृषी केंद्राचा हिरवा बोर्ड छापला, त्याच्यावरही तसेच पट्टे. भगवा मात्र आजही स्वच्छ येतो. सकाळचे एक-दोन बॅनर बरे असतात, दुपारून बिघडतात. दिवसातून चार-पाच वेळा पर्ज करतो, म्हणजे शाई दाबून हेड साफ करतो. इंजिनियर म्हणतो हेड गेलं, बदलून टाका. बदलू का?
— एक वाचक, रिठद (ता. रिसोड, जि. वाशीम)

उत्तर : आत्ताच नको. हेडची किंमत हजारोंच्या घरात असते आणि तुमच्या पत्रातली लक्षणं मेलेल्या हेडची वाटत नाहीत. खरं तर अर्धं निदान तुम्हीच लिहून पाठवलं आहे, फक्त ते निदान आहे हे तुमच्या लक्षात आलेलं नाही.

तुमच्या मशीनमध्ये शाया चारच: सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी. भगवा रंग मॅजेंटा आणि पिवळ्यातून होतो. निळा होतो सायन आणि मॅजेंटातून. हिरवा सायन आणि पिवळ्यातून. आता तुमची तक्रार पुन्हा वाचा. भगवा चांगला, म्हणजे मॅजेंटा आणि पिवळी ठीक. निळा नि हिरवा दोन्ही बिघडलेले, आणि त्या दोघांत सामाईक आहे ती सायन. निळा जांभळट का होतो, तेही यातच आलं: सायन कमी पडली की खालची मॅजेंटा वर डोकावते. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्या आहेत, पण दुखणं बहुधा एकच आहे. जयंत्यांच्या दिवसांत भगवे, निळे, हिरवे बॅनर एकाच दिवशी छापून शेजारी टांगले, तर वेगळा चाचणी-तक्ता लागत नाही.

आता रेषांकडे. आडवी रेष दिसली की आपल्याकडे एकच उपाय, हेड धुवा. पण आडव्या रेषा दोन अगदी वेगळ्या कारणांनी येतात. पेरणी आठवा. तिफणीची एक नळी तुंबली तर ते उगवण झाल्यावर कळतं: सगळ्या वावरात ठरावीक अंतराने एकेक तास रिकामं. पण नळ्या सगळ्या चालू आहेत आणि वळून येताना दोन फेऱ्यांच्या मधे जागा जास्त सुटली, तर बी नीट पडूनही मधला पट्टा मोकळा राहतो. जागा कमी सुटली तर तासं एकमेकांवर चढतात. प्रिंटरमध्ये पहिल्या प्रकाराला नोझल (हेडचं शाई सोडणारं बारीक छिद्र) बंद म्हणतात, दुसऱ्याला स्टेप चुकणं. स्टेप म्हणजे हेडची एक फेरी झाल्यावर फ्लेक्स पुढे सरकण्याचं अंतर. ते जास्त झालं तर पांढरी रेष येते, कमी झालं तर गडद.

दोन्ही ओळखायला पट्टी पुरते, शाळेतली. कोनिकाच्या ५१२ नोझलच्या हेडची छापण्याची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर असते. एका रंगाला एक हेड आणि चार पासची, म्हणजे एकाच जागेवरून चार फेऱ्यांची, छपाई असेल तर फ्लेक्स दर फेरीला ९ मिलिमीटर सरकतो. तीन पासला १२, दोन पासला १८. रेषा बरोबर या अंतराने, सगळ्या रंगांत, फ्लेक्सच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या येत असतील, तर संशय स्टेपवर घ्या. फ्लेक्सचा जीएसएम बदलला, रोल जड आहे, दाबरोलर घसरतोय, अशी कारणं शोधा. तुमच्याकडे स्टेपचा दोष असता तर भगव्यावरही रेषा आल्या असत्या. त्या येत नाहीत, म्हणून तो विषय इथेच सोडू.

राहिली सायन. पण सायनची नोझल तुंबली आहेत की त्यांना शाई पोचत नाही? हा प्रश्न इंजिनियरने विचारायला हवा होता. कारण तुमचं पत्र म्हणतं, सकाळी बरं, दुपारून बिघाड. वाळलेल्या शाईने तुंबलेलं नोझल घड्याळ बघून उघडझाप करत नाही.

इथे हेडच्या पोटात काय चालतं ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं पटणार नाही. घरच्या काही प्रिंटरमध्ये शाई क्षणभर तापवून तिच्या बुडबुड्याने थेंब ढकलतात. फ्लेक्सच्या हेडमध्ये तसं नाही. तिथे प्रत्येक नोझलमागे शाईची चिमुकली खोली असते आणि तिची भिंत अशा पदार्थाची, की विजेचा झटका बसला की ती वाकते. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. वीज दिली की ते आकार बदलतात, हेही पुढच्या वर्षी सिद्ध झालं. आज रिठदमध्ये बॅनर छापला जातो तो याच गुणावर. भिंत आत वाकते, खोली आवळते, थेंब बाहेर पडतो. थेंब केवढा? मोठ्या थेंबाच्या हेडमध्ये ४२ पिकोलिटरचा. म्हणजे एक मिलिलिटर शाईत २ कोटी ३८ लाखांच्या आसपास थेंब.

आता त्या खोलीत हवेचा एक बुडबुडा शिरला तर? भिंत आवळते, पण बुडबुडा स्वतः दबून सगळा जोर गिळून टाकतो. थेंब पडत नाही. विहिरीवरची मोटर हवा धरते तेव्हा नेमकं हेच होतं: मोटर फिरते, आवाज येतो, पाणी येत नाही. मोटर जळाली म्हणून कोणी लगेच नवी आणत नाही, आधी फूटव्हॉल्व्ह आणि पाइपचे जोड बघतात. हेडच्या बाबतीत मात्र आपण थेट मोटरच बदलायला निघतो.

दुपारचाच मुहूर्त का, तेही सांगतो. एप्रिल-मेमध्ये वाशीमकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त असतो. शाई तापली की तिच्यात विरघळलेली हवा सुटून बुडबुडे होतात. पातळ झालेल्या शाईवर सकाळचंच व्होल्टेज दिलं की थेंब बिघडतो, मुख्य थेंबाबरोबर बारीक तुषार उडतात. वर सोल्व्हंट पटापट उडतो, त्यामुळे नोझलच्या तोंडाशी शाई घट्ट होते. या सगळ्यात तुमच्या सायनच्या वाटेवर एखादं फिल्टर अर्धं भरलेलं असेल, शाईचा दाब सांभाळणारा डॅम्पर जुना असेल किंवा नळीचा जोड हवा ओढत असेल, तर बाकी तिघी तग धरतात आणि चौथी मागे पडते.

हा माझा अंदाज आहे. खात्री तुम्ही करायची, आणि त्याला काही फूट फ्लेक्स पुरेल. सकाळी मशीन चालू केल्यावर नोझल टेस्ट काढा, कागदावर वेळ टाका. मग शंभर टक्के सायनचा पूर्ण रुंदीचा पट्टा तीन फूट छापा आणि लगेच, मधे पर्ज न करता, दुसरी नोझल टेस्ट. दहा मिनिटं मशीनला हात न लावता तिसरी. हेच सगळं दुपारी तीन वाजता पुन्हा. आता टेस्ट शेजारी शेजारी ठेवून बघा. प्रत्येक वेळी तीच नोझल, त्याच जागी गायब असतील तर ती तुंबली आहेत. पट्टा सुरुवातीला भरदार, पुढे फिका, नंतरच्या टेस्टमध्ये भलतीच नोझल गायब, आणि दहा मिनिटांनी त्यातली बरीचशी परत आलेली, असं असेल तर हेड जिवंत आहे, उपाशी आहे. मग सायनचं फिल्टर आणि डॅम्पर बदला, सब टँकमधली पातळी आणि तिचा सेन्सर बघा, नळीचे जोड आवळा. हेडच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ.

पिवळ्या रंगाची टेस्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून बरेच जण ती वाचतच नाहीत. निळा जिलेटीन कागद डोळ्यांसमोर धरा किंवा मोबाइलचा पडदा पूर्ण निळा करून त्याच्या उजेडात बघा, पिवळ्या रेषा काळ्या दिसतील.

पर्जबद्दल थोडं रागावून लिहितो. दिवसाला चार-पाच पर्ज म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दुखणं एका रंगाचं, पण चारही रंगांची शाई वेस्ट टँकमध्ये. शिवाय प्रत्येक पर्जनंतर पुसणं येतं आणि हेडच्या तळाच्या पत्र्यावर शाई चिकटू नये म्हणून जो नाजूक लेप असतो, तो पुसून पुसूनच जातो. कापूस, टिश्यू, बनियनचा तुकडा यांपैकी काहीही चालत नाही. धागे न सुटणारं कापड, तेही घासायचं नाही, टेकवायचं. सिरिंजने जोर लावून सोल्व्हंट मारणं तर निव्वळ अघोरी, आतले जोड उसवतात. आणि सोल्व्हंटच्या हेडला पाणी कधीच दाखवू नका.

डेझर्ट कूलर मशीनच्या तोंडासमोर लावलेला असेल तर तो आधी हलवा. माणसाला गार वाटतं, पण त्या झोताने उडता थेंब भरकटतो आणि नोझल लवकर सुकतं. सोल्व्हंटची वाफ बाहेर काढणारा एक्झॉस्ट मात्र हवाच, तो मशीनसाठी नाही, तुमच्या फुप्फुसांसाठी.

लाइट जाण्याचं तुम्ही लिहिलं नाही, पण खेड्यात तो प्रश्न विचारावाच लागतो. छपाई चालू असताना वीज गेली की हेड कॅपवर न जाता फ्लेक्सच्या मधोमध उघडं पडतं. वीज यायला तासभर लागला तर तेवढ्यात नोझल वाळू शकतं. निदान हेड जागेवर नेऊन झाकता येईल एवढा यूपीएस ठेवाच.

मग हेड खरंच गेलं हे कधी मानायचं? नोझलचा सलग मोठा ठोकळा, म्हणजे अर्धी बाजू किंवा एक अख्खी रांग, एका दिवसात सुरीने कापल्यासारखी गायब झाली, तर तो शाईचा प्रश्न नसतो, विजेचा असतो. तेव्हाही घाई नको. मशीन पूर्ण बंद करून, प्लग काढून, दोन हेडच्या डेटा केबल अदलाबदल करायला इंजिनियरला सांगा. दोष केबलबरोबर दुसऱ्या हेडवर गेला तर केबल किंवा कार्ड खराब. त्याच हेडवर राहिला तर मात्र हेडचा नाद सोडावा लागेल. चालू मशीनमध्ये हे करू नका, कार्ड जळतं आणि मग भांडण कोणाशी करायचं तेही कळत नाही.

जांभळट निळ्याचं अजून एक कारण असू शकतं आणि ते फाइलमध्ये असतं. पडद्यावरचा गडद निळा उजेडाने बनलेला असतो, शाईला तो जसाच्या तसा साधत नाही. फाइल छपाईच्या रंगांत बदलताना बरेचदा त्याचं रूपांतर सायन १०० आणि मॅजेंटा १०० च्या आसपास होतं, आणि ते मिश्रण जांभळंच दिसतं, हेड कितीही ठणठणीत असो. मॅजेंटा सायनपेक्षा निदान तीस टक्क्यांनी खाली ठेवा. मॅजेंटा ५०, ६०, ७० असे वीतभर चौकोन तुमच्याच मशीनवर, तुमच्याच फ्लेक्सवर छापून भिंतीला लावा. १४ एप्रिलच्या जयंतीची ऑर्डर द्यायला येणाऱ्या मंडळींना त्यातला निळा बोट ठेवून निवडू द्या. पडद्यावर दाखवून होकार घेतला की वाद ठरलेला.

पास वाढवण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी सांगेलच. चाराचे आठ केले की एकाच जागेवरून जास्त वेगवेगळी नोझल फिरतात, बंद नोझलची जागा शेजारचं भरून काढतं आणि रेष बुजते. उद्या सकाळी लग्नाचा बॅनर द्यायचा असेल तर खुशाल करा. फक्त त्या दिवसानंतर मशीन दुरुस्त झालं असं समजू नका.

प्रश्न : वाढदिवसाच्या बॅनरवर माझा फोटो फुटका आला. दुकानदार म्हणतो फोटोच खराब. मोबाइलवर तर छान दिसतो. दोघांत खरं कोण?
— आणखी एक वाचक, रिठद

उत्तर : या वेळी दुकानदार. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांबीला साधारण १६०० ठिपक्यांवर येतो. तो चार फूट उंच छापला तर इंचाला ३३ ठिपके पडतात. ऐकायला कमी वाटतात, पण दहा फुटांवरून आपला डोळा एक मिलिमीटरहून जरा लहान तपशिलापर्यंतच ओळखू शकतो, म्हणजे इंचाला तिसेक ठिपके. तेवढं चौकात चालून जातं.

घोळ बहुतेक वेळा वेगळाच असतो. लग्नातल्या पंचवीस जणांच्या फोटोतून तुमचा चेहरा कापलेला असतो. त्या चेहऱ्याच्या वाट्याला मुळात दीडशे ठिपके येतात. तेच चार फुटांवर ताणले की एकेक ठिपका आठ मिलिमीटरचा होतो, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. मोबाइलवर तोच चेहरा नखाएवढा असतो, म्हणून छान दिसतो. मशीन बिचारं तो हरभरा अगदी इमानदारीने छापतं. पुढच्या वर्षी सावलीत उभं राहून एकट्याचा फोटो काढून घ्या आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.