आधी माप घे

सांगली, रविवार

चि. निखिल,


काल सुलूमावशी पुण्याहून आली. तुझ्या दुकानातला नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा पर्समध्येच. घातला की जिन्याच्या पायऱ्या हलतात म्हणते. खोदून विचारलं तेव्हा कळलं, तू माप घेतलंच नाहीस. दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, जुन्या चष्म्यावरून उचललीस. खरं का हे?

अरे, तिचा नंबर उणे ६. काचेचा मध्य बाहुलीपासून ५ मिलिमीटर सरकला की ३ डायॉप्टरचा प्रिझम होतो. प्रेंटिसचा नियम मी तुला शिकवायचा का? प्रोग्रेसिव्हला तर बाहुलीची उंचीही लागते. आधी नोजपॅड आणि काड्या वळवून फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवायची, मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर आपले डोळे आणून डेमो काचेवर बाहुलीपाशी पेनने खूण करायची. नाक अगदी मधोमध असतंच असं नाही, म्हणून उजवं-डावं माप वेगळं. दोन-चार मिनिटांचं काम, आणि तेवढंच टाळलंस!

गर्दी होती म्हणशील. शेठ मागून ‘पुढचं गिऱ्हाईक बघ’ म्हणत असणार, ठाऊक आहे मला. तुझ्या वयात मीही मिरजेत चष्म्याच्या दुकानात काचा घासायचो. कड उडणार असली की चाकाचा आवाज बदलायचा, हात आपोआप सैल पडायचा. मग एसटीत चिकटलो. घरी अण्णांना पगाराची नोकरी हवी होती आणि मीही फारसा अडून बसलो नाही. ते राहूनच गेलं. अजून कुणाचा चष्मा तिरका दिसला की हात शिवशिवतात. तुझी आई हसते त्यावर.

‘शेवटी चष्मेच विकणार ना?’ असं तुझे बाबा म्हणाले, तेव्हा तुझ्या बाजूने मीच भांडलो होतो. उद्या मावशी जिन्यात पडली तर त्यांना काय तोंड दाखवू? तिचे गुडघे आधीच कसे आहेत, तू पाहतोसच.

बरं, रागाच्या भरात लिहिलं, मनाला लावून घेऊ नकोस. तिच्या नातवाला तू पॉलिकार्बोनेटच्याच काचा घ्यायला लावल्यास, पोरगं रडायचं थांबेपर्यंत फ्रेम हातात धरून बसलास, हेही तीच सांगत होती. ऐकून बरं वाटलं रे.

ती गुरुवारी पुण्याला परत येतेय. तिला बोलावून नीट माप घे. नव्या काचांचे पैसे शेठने तुझ्या पगारातून कापले तर मला कळव, मी पाठवीन. डबा वेळेवर खात जा. दिवाळीला आलास की माझाही चष्मा तूच कर, मी दुसरीकडे जाणार नाही.

तुझा,
मामा