स्लाइड दुसऱ्या संगणकावर का विस्कटतात?

घरच्या विंडोजवर नीट बेतलेले सादरीकरण सभागृहातल्या मॅकवर किंवा लिनक्सवर उघडले, की शीर्षकाची शेवटची ओळ चित्रावर चढते, मराठी अक्षरांचे वळण बदलते आणि व्हिडिओच्या जागी काळा चौकोन दिसतो. आपल्याला वाटते, फाइल बिघडली. प्रत्यक्षात फाइल जशीच्या तशी असते, ती वाचणारा संगणक बदललेला असतो.

हे स्वतः पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग करा. पीपीटीएक्स फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटी पीपीटीएक्सऐवजी झिप लिहा आणि ती उघडा. आत बरेच फोल्डर दिसतील. प्रत्येक स्लाइडचा मजकूर एक्सएमएल या लेखी स्वरूपात असतो, तर चित्रे ‘मीडिया’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. ऑफिस २००७ पासून ही रचना आली. म्हणजे ही फाइल स्लाइडचे छायाचित्र नसून स्लाइड कशी मांडायची याची कृती आहे. कृती तीच असली, तरी समोरच्या स्वयंपाकघरात गोडा मसाला नसेल तर आमटीची चव बदलणारच.

इथला मसाला म्हणजे फॉन्ट. चौकटींच्या जागा फाइलमध्ये अगदी काटेकोर मोजून लिहिलेल्या असतात. त्यासाठीचे एकक इतके बारीक आहे, की एका सेंटिमीटरमध्ये अशी ३,६०,००० एकके बसतात. त्यामुळे चौकटी सहसा हलत नाहीत. फॉन्टचे मात्र एरवी फक्त नाव लिहिलेले असते. तो दुसऱ्या संगणकावर नसला, तर संगणक जवळचा दुसरा फॉन्ट वापरतो. त्याच्या अक्षरांची रुंदी वेगळी असते, म्हणून ओळी भलत्या जागी तुटतात. लिनक्सवर कॅलिब्रीऐवजी कार्लिटो चालतो, कारण त्याची अक्षरे मुद्दाम तितक्याच रुंदीची केलेली आहेत.

देवनागरीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडमधला मजकूर विंडोजच्या मंगलऐवजी मॅकच्या कोहिनूरमध्ये दिसला, तर रूप बदलते पण वाचता येतो. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मात्र रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की पडद्यावर अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायलाच हवा.

खरा धोका कधीकधी दिसतही नाही. ‘सिम्बॉल’ फॉन्टमध्ये रोमन ‘एम’ टंकले, की ग्रीक ‘म्यू’ दिसतो. फॉन्ट हरवला तर तिथे पुन्हा ‘एम’ येतो आणि मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. औषधाच्या मात्रेत ही हजारपट चूक आहे, आणि स्लाइड दिसायला अगदी व्यवस्थित असते! म्हणून असे चिन्ह युनिकोडमधूनच घाला.

व्हिडिओचे दोन प्रश्न असतात. तो फाइलमध्ये न घालता नुसता जोडलेला असेल, तर फाइलमध्ये तुमच्या संगणकावरचा पत्ता राहतो. दुसऱ्या संगणकावर तो पत्ताच नसतो. शिवाय डब्ल्यूएमव्ही हा विंडोजचा प्रकार मॅकवर सहसा चालत नाही. एच.२६४ पद्धतीचा एमपी४ बहुतेक ठिकाणी चालतो.

तेव्हा निघण्यापूर्वी एवढे करा:

१. नोटो सान्स देवनागरीसारखा मोफत, सर्वत्र मिळणारा फॉन्ट वापरा आणि त्याची फाइल सोबत ठेवा.
२. विंडोजवर सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाइलमध्येच घालण्याची सोय आहे, ती चालू करा. काही फॉन्टचा परवाना मात्र त्याला मुभा देत नाही.
३. मजकुराच्या चौकटीत थोडी मोकळी जागा सोडा.
४. पडद्याचे प्रमाण ४:३ आहे की १६:९, हे आयोजकांना आधी विचारा.
५. पेन ड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा. तिच्यात फॉन्ट सहसा आतच असतात. हालचाली आणि व्हिडिओ जातात, पण आकडे आणि आकृत्या जागच्या जागी राहतात.

सभागृहात दहा मिनिटे आधी पोहोचा आणि सगळ्या स्लाइड त्याच संगणकावर एकदा पाहून घ्या. वेळ कमी असेल, तर आकडे, एकके आणि सूत्रे असलेल्या स्लाइड आधी तपासा.