आधी साखर, मग चौकशी

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलांच्या आईबाबांशी बोलताना एक गोष्ट हमखास कानावर येते, तीही दबक्या आवाजात: "शाळेत नाही सांगितलं हो आम्ही. मुलीची जात आहे, उद्या लग्नाचं बघायचंय." मुलगी असते चौथीत.

आईबाबांनो, तुमची काळजी खोटी नाही. इन्सुलिनचं नाव काढलं की चारचौघांत कुजबुज होतेच. पण ही लपवाछपवी कुणाला भोवते, ते बघा. सकाळी इन्सुलिन घेतलेलं, डबा अर्धाच संपवलेला आणि वर पी.टी.चा तास. साखर सत्तरच्या खाली उतरते, म्हणजेच 'लो' होते. हात थरथरतात, कपाळावर घाम डवरतो, चेहरा पांढराफटक पडतो. एरवी गुणी असलेली पोर मैत्रिणीवर खेकसते. बाईंना वाटतं, आज हिची नाटकं चालली आहेत. त्या वेळी तुम्ही ऑफिसात असता. तिच्याजवळ असते ती बाकावरची मैत्रीण, आणि नेमकं तिलाच काही माहीत नसतं.

घरी साखर उतरली की वेगळंच घडतं. "डबा का उरवलास? इन्सुलिन किती घेतलंस?" पोरगी नुसती बघत राहते. उत्तर येणार कुठून? मेंदू चालतो ग्लुकोजवर आणि तेच कमी पडलेलं. चार वेळा अशी बोलणी बसली की मुलं लो झालेलं सांगायचंच सोडतात. मला सगळ्यात भीती वाटते ती याची.

म्हणून आधी साखर. तीन चमचे पाण्यात विरघळवून द्या. लहानग्याला याच्या निम्मी पुरते. चॉकलेट किंवा दूध नको, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी स्ट्रिप लावा. आकडा सत्तरच्या वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर. ही पंधरा मिनिटं आईला धीर धरवत नाही, मान्य. पण घाबरून केळं, शिरा, पेढा एकापाठोपाठ एक भरवलं की तासाभरात आकडा तीनशेवर जातो. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, गुदमरेल. कुशीवर वळवा, डॉक्टरांनी ग्लुकॅगॉन दिलं असेल तर टोचा आणि थेट दवाखाना गाठा.

या भीतीपायी मैदान मात्र बंद करू नका. क्रिकेटपटू वसीम अक्रमला 1997 मध्ये मधुमेह निघाला, तरी तो 2003 पर्यंत खेळत होता. फक्त खूप खेळणं झालं की साखर रात्रीसुद्धा उतरते. अशा दिवशी झोपण्यापूर्वी तपासा, आणि मध्यरात्री एकदा उठा. उशी घामाने भिजलेली दिसली तर उजाडायची वाट बघू नका.

राहिला लग्नाचा प्रश्न. सासरीही तिला रोज इन्सुलिन घ्यावंच लागेल, तिथेही कधीतरी लो होईलच. मग तिथेही न्हाणीघरात लपूनच टोचायचं का?

सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटा. लोची लक्षणं, काय द्यायचं आणि तुमचा फोन नंबर, एवढं कागदावर लिहून द्या. पी.टी.च्या सरांना एक प्रत द्या, एक रिक्षावाल्या काकांना. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ग्लुकोजची पुडी ठेवा, आणि बाकावरच्या मैत्रिणीला तो कप्पा दाखवायचं काम लेकीवरच सोपवा.