पदवी रखडते कुठे?

या वेळच्या पत्रांत तक्रार एकच आहे, तोंडं वेगवेगळी: तीन वर्षांची पदवी चौथ्या-पाचव्या वर्षात गेली. बहुतेक पत्रं सरकारी किंवा अनुदानित महाविद्यालयांतली आहेत. नियम विद्यापीठागणिक आणि शाखेगणिक बदलतात, तेव्हा खाली लिहिलेलं आपल्या विद्यापीठाच्या परिपत्रकाशी ताडून घ्यावं, एवढी सूचना आधीच देऊन ठेवते.

प्रश्न: मी एस.वाय.बी.कॉम.ला आहे. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले आहेत. त्यातला एक चार गुणांनी गेला. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवून पुनर्मूल्यांकनाला टाकली आहे, निकाल आलेला नाही. केटीचे परीक्षा अर्ज मात्र सुरू झाले. विषय सुटणार याची मला खात्री आहे, मग फी कशाला भरायची, असं मित्र म्हणतात. — एक विद्यार्थी, उल्हासनगर

उत्तर: भर. हा अंक हाती पडेपर्यंत मुदत गेली असेल तर विलंब शुल्कासह भर. माझ्या पाहण्यात जितक्या पदव्या रखडल्या, त्यातल्या पुष्कळ याच एका हिशेबापायी रखडल्या.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल अर्जाची मुदत संपायच्या आत लागेलच, याची हमी कोणी देत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार निकाल 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत लागायला हवा. पण 2017 साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल पावसाळा सरत आला तरी लागत होते. त्यात कुलगुरूंचं पद गेलं, पण मुलांचे गेलेले महिने काही परत आले नाहीत. तेव्हा कायद्यावर विश्वास ठेव, वेळापत्रक मात्र त्याच्या भरवशावर आखू नकोस.

आता तुझा हिशेब. विषय सुटला तर परीक्षा शुल्काचे काही रुपये वाया जातील. सुटला नाही आणि अर्जही भरलेला नसला, तर ही संधी गेली आणि पुढची सहा महिन्यांनी. बहुतेक विद्यापीठांत पहिलं वर्ष पूर्ण सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. म्हणजे चार गुणांचा एक पेपर तुला अख्खं वर्ष घरी बसवू शकतो. म्हणूनच पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाचे विषय एकाच हंगामात आले, तर आधी पहिल्या वर्षाचे काढायचे. मुलं नेमकं उलटं करतात, कारण दुसऱ्या वर्षाचा अभ्यास ताजा असतो.

फोटोकॉपी हातात आली की आधी बेरीज तपास, मग एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघ, आणि पुरवण्या सगळ्या लागल्यात का तेही. त्यानंतर त्या विषयाच्या सरांकडे जाऊन बस. ‘पेपर चांगला गेला होता’ हे त्यांना सांगू नकोस, पत्रिका दाखव.

आणखी एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, तरी सांगते. अंतर्गत गुणांत राहिलेला विषय. लेखी परीक्षेत पास, पण चाचणी दिली नाही किंवा प्रकल्प जमा केला नाही म्हणून अंतर्गत परीक्षेत नापास. गुणपत्रिकेवर तो एका बारीक खुणेने दिसतो आणि नजरेतून निसटतो. तिसऱ्या वर्षाचे सगळे पेपर सुटले, घरी पेढे वाटले, आणि मग कळलं की दुसऱ्या सत्राची एक चाचणी अजून राहिली आहे, अशी मुलं दरवर्षी भेटतात. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका एकत्र घेऊन परीक्षा विभागातल्या लिपिकासमोर बस आणि ‘माझं काय काय बाकी आहे?’ एवढंच विचार. उत्तर कागदावर लिहून घे.

प्रश्न: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती आली नाही. मागची बाकी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेणार नाही, असं कॉलेज म्हणतं. सोयाबीनचे पैसे आले की भरू, तोवर एक वर्ष ड्रॉप घ्यावा असा विचार आहे. — एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर: ड्रॉप हा शेवटचा उपाय आहे. तुम्ही तो पहिला धरलात.

आधी शिष्यवृत्ती का अडली ते शोधा. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर मुलीच्या लॉगिनमध्ये अर्जाची सद्यःस्थिती दिसते. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये पडून आहे, की पुढे विभागाकडे गेला आहे, की त्रुटी काढून परत मुलीकडेच आला आहे, हे तिथे कळतं. परत आलेला अर्ज महिनोन्महिने कोणी उघडून पाहत नाही, ही नेहमीची गोष्ट. दुसरी अडचण बँकेची: पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं बंद पडलं असेल किंवा जोडणी भलत्याच खात्याशी असेल, तर अर्ज मंजूर होऊनही रक्कम पोचत नाही. आणि नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप येईल, असं नाही.

दरम्यान प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, हप्ते मागा आणि सोबत महाडीबीटीच्या स्थितीची छापील प्रत जोडा. गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी आहे का, माजी विद्यार्थी संघ मदत करतो का, हेही त्यातच विचारा. तोंडी विचारलं की ‘बघू’ म्हणतात. लेखी अर्जाला आवक क्रमांक मिळतो आणि मग कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जॉर्जिया स्टेट हे सार्वजनिक विद्यापीठ आहे. फी थकली म्हणून नावं कमी झालेल्या विद्यार्थ्यांची यादी त्यांनी तपासली, तेव्हा पदवीच्या अगदी जवळ आलेली मुलं छोट्या छोट्या रकमांसाठी बाहेर पडताना दिसली. 2011 पासून विद्यापीठ तेवढी तूट स्वतःच भरू लागलं, मुलांनी अर्ज करायचीही वाट न पाहता. आपल्याकडे अशी यादी प्रत्येक महाविद्यालयाच्या लेखा विभागात तयार असते, फक्त तिच्याकडे बाकीदारांची यादी म्हणून पाहिलं जातं.

ड्रॉपची किंमतही पाहून घ्या. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी असलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. एका वर्षाची दोन वर्षं कशी होतात, हे तुम्ही गावात पाहिलं असेल. शिवाय अभ्यासक्रम बदलला तर परतताना वेगळीच कटकट. आणि मुलगी वर्षभर घरी बसली की स्थळं यायला लागतात, हे मी तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न: रात्री गोदामात काम करतो. सकाळी वर्गात झोप येते, हजेरी 50 टक्क्यांच्या खाली गेली आहे. नोकरीचं प्रमाणपत्र दिलं तर सवलत मिळेल का? — एक विद्यार्थी, भिवंडी

उत्तर: नोकरीच्या कारणावर सहसा मिळत नाही. आजारपण, एनसीसी, एनएसएस, खेळ यांच्यासाठी मिळते, तीही कागद वेळेवर दिले तर. पाळी बदलून मिळते का ते मालकाला विचारा. नाहीच जमलं तर रात्र महाविद्यालय किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मुक्त विद्यापीठातून पदवी घेणं म्हणजे हार नव्हे. 75 टक्के हजेरीच्या अटीत अडकून एकेक सत्र गमावत राहणं त्याहून वाईट. तुमच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना असेल तर तिथेही चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात रुजवलेली ही कल्पना आज अनेक विद्यापीठांत चालते. गोदामाइतके पैसे मिळणार नाहीत, पण काम महाविद्यालयाच्या आवारात असतं आणि तासांच्या वेळा सांभाळून असतं.

प्रश्न: 2019 ला बी.ए.ला प्रवेश घेतला. तिसऱ्या वर्षी लग्न, मग बाळंतपण. शेवटच्या सत्राचे दोन पेपर राहिले. आता मुलगा बालवाडीत जातो. मला पदवी मिळू शकेल का? — एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: वाट बंद झालेली नाही, सरळ मात्र नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासक्रमाची वर्षं अधिक दोन, म्हणजे तीन वर्षांची पदवी पाच वर्षांत पुरी करायची असते. अपवाद म्हणून आणखी एक वर्ष. तुमची ही मुदत उलटली आहे. पण जुन्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठं अधूनमधून परिपत्रक काढून खास संधी देतात. त्यासाठी महाविद्यालयात न जाता थेट विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जा, कायम नोंदणी क्रमांक आणि सगळ्या गुणपत्रिका घेऊन. तीन गोष्टी विचारा: खास संधी जाहीर झाली आहे किंवा होणार आहे का, जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा अजून होते का, आणि होत नसेल तर नव्या अभ्यासक्रमातले समकक्ष विषय कोणते. यातलं काहीच जमलं नाही, तर झालेली दोन वर्षं धरून मुक्त विद्यापीठात पुढे प्रवेश मिळतो का, ते तिथे विचारावं.

तुमच्या मागून येणाऱ्या मुलींसाठी एक सांगते. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतल्या विद्यार्थिनींना बाळंतपणासाठी हजेरीत आणि परीक्षा अर्जाच्या तारखांत सवलत देण्याचे नियम करा, असं आयोगाने 2021 मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. ही सवलत मागावी लागते. लाजून घरी बसणाऱ्याला ती घरपोच येत नाही.

प्रश्न: नव्या धोरणात पदवी चार वर्षांची झाली म्हणतात. तीन वर्षांत बाहेर पडलो तर अर्धवट शिक्षण ठरेल का? — एक विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर: नाही. राज्याच्या आराखड्यात तीन वर्षं आणि 120 ते 132 श्रेयांक झाले की पूर्ण पदवी मिळते. चौथं वर्ष ऑनर्सचं, ते ऐच्छिक आहे. मधेच थांबावं लागलं तर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा झालेले श्रेयांक सात वर्षांपर्यंत टिकतात, म्हणून तुझं तिथलं खातं उघडलेलं आहे ना, आणि त्यात प्रत्येक सत्राची नोंद होते ना, हे पाहत जा.

प्रश्न: कोकणातल्या एका अनुदानित महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी बरेच जण वेळेत पदवी घेत नाहीत. मेंटॉर योजना आहे, पण फरक पडत नाही. पैसा नाही. काय करता येईल? — एक प्राध्यापक

उत्तर: मेंटॉर योजना कशी चालते, हे आपण दोघंही जाणतो. नॅकची समिती येण्याआधीच्या पंधरवड्यात एकाच शाईने भरलेल्या वह्या मीही पाहिल्या आहेत.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत 2007 पासून ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम चालू आहे. दोन वर्षांची सहयोगी पदवी देणाऱ्या तिथल्या सार्वजनिक महाविद्यालयांत, गरीब घरांतल्या मुलांसाठी. मुलाने पूर्ण वेळ शिकायचं आणि कच्च्या विषयांचे वर्ग पहिल्यांदा उरकायचे. बदल्यात फीची तूट कार्यक्रम भरतो, पुस्तकांना मदत करतो, बस-मेट्रोचा पास देतो, आणि ज्याच्याकडे मोजकीच मुलं आहेत असा सल्लागार त्याला वारंवार भेटतो. चिठ्ठ्या टाकून काही मुलांना कार्यक्रमात घेतलं, काहींना नेहमीच्या सोयींवर ठेवलं, आणि तीन वर्षांनी मोजलं. कार्यक्रमातली 40 टक्के मुलं पदवी घेऊन बाहेर पडली होती, बाकीच्यांतली 22 टक्के. पुढे ओहायोतल्या महाविद्यालयांनी हाच प्रयोग केला आणि तिथेही फरक पडला.

यात मला सगळ्यात बोलकी वाटते ती पासाची गोष्ट. पास मिळतच राहावा म्हणून मुलं सल्लागाराला भेटत राहतात. तुमच्या भागात एसटीची गाडी चुकली की पहिले दोन तास गेले. मासिक पास आणि तासांचं वेळापत्रक यांचा मेळ घालायला पैसा लागत नाही. आगारप्रमुखांना पत्र लिहा, जमलं तर अवघड विषयाचा तास गाडीच्या वेळेनंतर ठेवा.

दुसरं, एका मेंटॉरकडे मुलं कितीही असोत, त्याला कामं दोनच द्या. परीक्षा अर्जाची मुदत संपायच्या आठ दिवस आधी, अर्ज न भरलेल्यांची नावं लिपिकाकडून घेऊन प्रत्येकाला फोन करायचा. आणि पहिल्या सत्राचा निकाल लागला की नापास झालेल्यांना त्याच आठवड्यात बोलावून केटीचा अभ्यास विषयवार वाटून द्यायचा. समुपदेशन, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे नंतर बघू. लेखाशास्त्र, सांख्यिकी, इंग्रजी असे ठरावीक विषयच मुलांना अडवतात. तुमच्याकडे कोणते अडवतात, ते मागच्या तीन वर्षांच्या निकालांतून तासाभरात काढता येईल. तेवढ्याच विषयांचे जादा वर्ग लावा, तेही परीक्षेच्या तोंडावर नव्हे, सत्राच्या दुसऱ्या महिन्यापासून.

संस्थेकडे थोडेफार पैसे मागायची वेळ आलीच, तर दर विद्यार्थ्यामागे खर्च किती वाढेल, हा आकडा पुढे करू नका, तो वाढणारच. न्यूयॉर्कमध्येही प्रत्येक विद्यार्थ्यामागचा खर्च बराच वाढला होता. पण पदव्या त्याहून जोरात वाढल्या, त्यामुळे एका पदवीमागचा खर्च आधीपेक्षा कमी झाला. तुम्हीही एका पदवीमागे संस्थेला आज किती खर्च येतो ते काढा. अर्धी मुलं वाटेत गळत असतील तर तो आकडा किती फुगलेला आहे, हे नियामक मंडळातल्या व्यापारी सदस्यांना समजावून सांगावं लागणार नाही.