पेन ड्राइव्हवरचा टर्बो सी

आपल्या हॉस्टेलमध्ये ज्याने नवा लॅपटॉप घेतला त्याचं पहिलं दुखणं एकच. लॅबमधला टर्बो सी चालत नाही! बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९९१ च्या सुमाराचं, १६ बिटचं. ६४ बिट विंडोज असले प्रोग्रॅम चालवतच नाही. त्यामुळे पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून उपयोग नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलं तर काय होतं ते सांगायला नको.

यावर उतारा म्हणजे डॉसबॉक्स हा इम्युलेटर. फुकट आहे, २००२ पासून आहे. पण प्रत्येक वेळी माउंट, मग सी, मग सीडी, असं टाइप करत बसणं म्हणजे डोकेदुखी. ते काम बॅच फाइलकडे द्यायचं.

मी पेन ड्राइव्हवर एकच फोल्डर ठेवतो. त्यात डॉसबॉक्सची एक्झी, तिच्या दोन डीएलएल आणि टीसी फोल्डर. शेजारीच नोटपॅडमध्ये केलेली दोन ओळींची बॅच फाइल (टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं):

सीडी /डी "%~डीपी०"
स्टार्ट "" डॉसबॉक्स -सी "माउंट सी ." -सी "सी:" -सी "सीडी \टीसी\बिन" -सी "टीसी" -सी "एक्झिट"

खरी गंमत पहिल्या ओळीत. टक्का-टिल्ड-डीपी-शून्य म्हणजे 'ही बॅच फाइल जिथे आहे ते फोल्डर'. देवगाव रंगारीच्या घरच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह 'ई' होतो, लॅबमध्ये 'जी'. बॅचला फरक पडत नाही. माउंटनंतरचा टिंब म्हणजे चालू फोल्डर, तेच आत सी ड्राइव्ह बनतं. म्हणून इन्क्लूड, लिब आणि ग्राफिक्सच्या बीजीआयचा पाथ एकदाच सेट करायचा, कुठेही बदलत नाही. सेव्ह केलेले प्रोग्रॅम खऱ्या पेन ड्राइव्हवरच राहतात. नाव मात्र आठ अक्षरांत बसवा.

मायक्रोप्रोसेसरच्या असेंब्लरसाठीही हीच युक्ती. फक्त आतली दुसरी बॅच चालवायची असेल तर आधी 'कॉल' लिहा; नाहीतर तिच्यानंतरचं एक्झिट चालतच नाही आणि खिडकी उघडी राहते. माउस अडकला तर कंट्रोल एफ१०. बाहेरून फाइल टाकली आणि आत दिसत नाही? कंट्रोल एफ४.

आता तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा जीसीसी वापर की! शिकायला जीसीसीच बरा, माझंही तेच मत. पण प्रॅक्टिकलला समोर टर्बो असेल तर उत्तरंही टर्बोचीच येणार. तिथे इंट दोन बाइटचा, ३२७६७ पर्यंतच. ८ चं फॅक्टोरियल ४०३२० यायला हवं, स्क्रीनवर येतं -२५२१६. जीसीसीत इंट चार बाइटचा, म्हणून तोच प्रोग्रॅम १२ पर्यंत बरोबर चालतो आणि १३ ला गडबडतो. व्हायव्हाला हे विचारतात. रूमवर डॉसबॉक्समध्ये आधीच चालवून पाहा, लाँग इंट कुठे लागतो ते तिथेच कळेल.