डिसेंबरची थंडी आणि सोलरची स्ट्रिंग

सोलर बसवायचं म्हटलं की खान्देशात विचार होतो तो उन्हाचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा जे बिघडायचं ते उन्हाळ्यातच बिघडेल, असं बहुतेकजण धरून चालतात. अनुभवानं माझं मत नेमकं उलट झालं आहे. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या ओळीत, किती पॅनेल जोडायची, याची वरची मर्यादा इथली थंडी ठरवते. ज्या थंडीत रावेर-यावलच्या केळीबागांत रात्री शेकोट्या पेटवाव्या लागतात, त्याच थंडीत पॅनेलचं व्होल्टेज सर्वांत जास्त चढतं, कारण सिलिकॉन जितकं गार तितकं त्याचं व्होल्टेज अधिक. पॅनेलच्या मागच्या लेबलवर छापलेला आकडा २५ अंशांचा असतो. धुळ्यात हिवाळ्यात पारा ५ अंशांच्या आसपास, कधी त्याखालीही जातो.

हिशेब करून पाहा. ५४० वॅटच्या पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे प्रवाह वाहत नसतानाचं व्होल्टेज, साधारण ४९.५ असतं. अशी १२ पॅनेल एका ओळीत जोडली की ५९४ व्होल्ट होतात आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर सगळं बसल्यासारखं वाटतं. पण दर अंशामागे ०.२७ टक्के वाढ धरली, तर ५ अंशांना तेच व्होल्टेज ६२६ वर जातं. ११ पॅनेल लावली तर ५७४. म्हणजे इथं बारावं पॅनेल नको.

यावर जाणकार वायरमनही म्हणतात, की पहाटे ऊनच नसतं आणि ऊन चढलं की पॅनेल तापतं. मग एवढं व्होल्टेज येणार कुठून? हा आक्षेप अर्धा खरा आहे. ६२६ चा आकडा रोज गाठला जाणार नाही. पण उजेड पाचव्या हिश्श्यावर असला तरी व्होल्टेज ९० टक्क्यांच्या वर असतं, आणि ओपन सर्किट व्होल्टेजात तीन टक्क्यांपर्यंत फरक पडू शकतो, असं बऱ्याच डेटाशीटवरच छापलेलं असतं. मग सहा व्होल्टच्या फटीवर काही हजारांचं यंत्र कशाला टांगायचं? दुसरं म्हणणं असं, की इन्व्हर्टर चालू असताना व्होल्टेज कमीच राहतं. राहतं, पण वीज असेपर्यंत. वीज गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो, प्रवाह थांबतो आणि त्याच क्षणी स्ट्रिंग ओपन सर्किटला पोचते. खान्देशात वीज कधी जाईल हे मी कुणाला सांगायला नको. शिवाय जास्त व्होल्टेजचा फटका हळूहळू बसत नाही. आतले भाग एका झटक्यात जातात. काही इन्व्हर्टर सर्वाधिक व्होल्टेजची नोंदही ठेवतात, त्यामुळे वॉरंटी मागायला गेल्यावर वाद घालायलाही जागा उरत नाही.

उन्हाळा खालची मर्यादा ठरवतो. पत्र्यालगतचं पॅनेल मे महिन्यात ७५ अंशांपर्यंत तापतं आणि चालू व्होल्टेज ४१.५ वरून ३४ च्या घरात येतं. चार पॅनेलच्या स्ट्रिंगचे १६६ व्होल्ट दुपारी १३७ होतात; इन्व्हर्टरची एमपीपीटी कक्षा, म्हणजे ज्या व्होल्टेजमध्ये तो पॅनेलमधून पुरेपूर शक्ती काढतो ती, १५० पासून सुरू होत असेल तर ऐन उन्हात उत्पादन घसरतं. इथं नुकसान युनिटचं आहे, यंत्राचं नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून घरोघरी चर्चा चालते ती किलोवॅटची. पाच किलोवॅटच्या इन्व्हर्टरवर सहा किलोवॅटची पॅनेल चालतील का, ही धास्ती मला बहुतांशी अनाठायी वाटते. उत्पादकानं तेवढी परवानगी दिली असेल तर जादा शक्ती इन्व्हर्टर घेतच नाही, एवढंच होतं. प्रवाहाची मर्यादा मात्र पाहावी. मोठ्या पॅनेलचा शॉर्ट सर्किट प्रवाह १३-१४ अँपिअर असतो. म्हणून बसवणाऱ्याकडून काम सुरू होण्याआधी कागदावर लिहून घ्या: ५ अंशांना स्ट्रिंगचं व्होल्टेज किती, ७५ अंशांना किती आणि इन्व्हर्टरच्या मर्यादा काय. सौर कृषी पंपाला पाणी वाढावं म्हणून एखादं पॅनेल वाढवायचा विचार असेल, तर त्याच्या कंट्रोलरसाठीही हाच हिशेब करा, आणि तो हिवाळ्याच्या आकड्यानं करा.