आधी हात, मग शब्द

विज्ञानाचा विषय निघाला की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे उत्तर ठरलेले असते. "तो आपला प्रांत नव्हे," असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु आपल्यापैकी कितीतरी जण पुढे शिक्षक होतात आणि जे होत नाहीत ते पालक तर होतातच. लहान मुलाने "असे का?" म्हणून विचारले, की तेथे शाखाभेद टिकत नाही. म्हणूनच प्राथमिक शाळेत विज्ञान कृतीतून कसे शिकविता येईल आणि त्यात आपला वाटा कोणता, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने मी व माझे दोन मित्र एरंडोल तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत काही शनिवार जात होतो. वर्ग चौथी-पाचवीचे. शाळेत विज्ञानाची पेटी होती, पण ती कुलपात. काही फुटले तर डेडस्टॉक रजिस्टरचा जाब कोणी द्यावयाचा, ही गुरुजींची अडचण खरी होती. तेव्हा आम्ही पेटीचा नाद सोडला. आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, प्लॅस्टिकची रिकामी बाटली आणि दोन फडकी एवढ्या सामानावर आमचे काम भागले. त्यांपैकी तीन कृती येथे देतो.

पहिली कृती काड्यांची. गुल खरवडून टाकलेल्या काड्या घ्याव्यात. व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून त्यांत दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसावी. तीन काड्यांचा त्रिकोण होतो, चार काड्यांचा चौकोन. आता दोन्ही आकृत्या बोटांनी दाबून पाहाव्यात. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण मात्र हटत नाही. चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब काडी तिरपी बांधली की तोही घट्ट होतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झालेले असतात. एवढे झाल्यावर मुलांना वर पाहावयास सांगितले. वर्गाचे पत्रे ज्या लोखंडी कैच्यांवर तोललेले होते, त्यांत सगळे त्रिकोणच त्रिकोण! रोज ज्यांच्याखाली बसायचे त्या कैच्या मुलांनी त्या दिवशी प्रथमच नीट पाहिल्या. मग सायकलचा सांगाडा, विजेचा मनोरा अशी उदाहरणे त्यांची त्यांनीच शोधून आणली. स्थापत्यशास्त्राचा पहिला धडा याहून निराळा तो काय असणार?

ही कृती आम्ही शोधलेली नाही. कानपूरच्या आय.आय.टी.तून १९७५ साली बाहेर पडलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी ती देशभर पोचविली. पुण्याच्या टेल्कोत नोकरी करीत असताना १९७८ साली ते रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तेथे १९७२ सालापासून सोळा माध्यमिक शाळांतून एक धाडसी प्रयोग चालू होता. किशोर भारती व रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला आणि १९८२ पासून एकलव्य या संस्थेने पुढे नेला. मुलांनी गटागटाने प्रयोग करावेत, निरीक्षणे आपल्या शब्दांत लिहावीत, परीक्षेला पुस्तक उघडे ठेवून बसावे, अशी ती पद्धत होती. शासनाने २००२ साली तो कार्यक्रम बंद केला, परंतु त्याची बीजे दूरवर पसरली. गुप्ता यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. त्यांचे साहित्य मात्र काडी, ट्यूब आणि जुने वर्तमानपत्र हेच राहिले.

दुसरी कृती पाण्याची. बाटलीला एकाखाली एक अशी तीन समान अंतरांवर छिद्रे पाडावीत. खोल पाण्याचा दाब अधिक असतो हे दाखविण्यासाठी अनेक पुस्तकांत एक चित्र असते. त्यात सर्वांत खालच्या छिद्रातली धार सर्वांत लांब पडलेली दिसते. आम्ही बाटली फरशीवर ठेवली, काठोकाठ भरलेली राहील अशी वरून पाण्याची धार धरली आणि मुलांना खडूने खुणा करावयास सांगितले. सर्वांत लांब पडली ती मधली धार! वरची आणि खालची साधारण एकाच ठिकाणी पडत होत्या. एका मुलाने हळूच विचारले, "मग पुस्तकातलं चित्र चुकलं का?"

याचे उत्तर असे, की खालच्या छिद्रातून पाणी सर्वांत जोराने निघते हे खरेच आहे. परंतु जमीन इतकी जवळ असते की पुढे जाण्यास त्याला वेळच मिळत नाही. वरच्या धारेला वेळ भरपूर, पण जोर कमी. मधल्या धारेला दोन्ही गोष्टी बेताच्या मिळतात, म्हणून ती पुढे जाते. तीच बाटली उंच टेबलावर ठेवून पाणी जमिनीवर पडू दिले की खालची धार बाजी मारते. म्हणजे दाबाचा नियम खरा, चित्र मात्र अपुरे. दहा वर्षांच्या मुलाने छापील चित्राविषयी शंका घ्यावी आणि पुराव्यासाठी फरशीवरच्या खुणेकडे बोट दाखवावे, यापेक्षा विज्ञानाच्या तासाकडून अधिक काय मागावे? गुरुजींनी टेबलावर प्रयोग करून दाखवावा आणि मुलांनी हाताची घडी घालून तो पाहावा, यातून हे साधत नाही.

तिसरी कृती सर्वांत सोपी. सारख्या मापाची दोन फडकी भिजवून पिळावीत. एक उन्हात पसरावे, दुसरे घडी करून त्याच उन्हात ठेवावे. पसरलेले आधी वाळते. आमच्या खानदेशातील मुलांना हे घरीच ठाऊक असते. वर्गात एकच मूल अहिराणीत बोलले, "पानी उडी गयं." बाकीची हसली. पण 'बाष्पीभवन' हा शब्द ज्यांना पाठ होता, त्यांच्यापैकी कोणालाही माठातले पाणी गार का होते हे सांगता आले नव्हते. "उडी गयं" म्हणणाऱ्या मुलाला मात्र माठ बाहेरून ओलसर का असतो, ते पाणी कोठे जाते आणि जाताना माठाची उष्णता कशी नेते, हे चार प्रश्नांत उमगले. त्यानंतर 'बाष्पीभवन' हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा त्याला अर्थ होता.

येथेच आपला, म्हणजे भाषेच्या विद्यार्थ्यांचा, संबंध येतो. आपल्याच जिल्ह्यातील रावेर तालुक्यातल्या खिरोदा येथे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तेथील जनता शिक्षण मंडळाच्या सहकार्याने ग्रामीण शाळांतून काम केले. हे केंद्र १९७४ साली स्थापन झाले आणि पदार्थवैज्ञानिक वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक होते. ग्रामीण मुलांना विज्ञान अवघड जाते, त्यात पाठ्यपुस्तकाच्या जड भाषेचा वाटा मोठा असतो, हा विचार त्यांनी आग्रहाने मांडला. एका पदार्थवैज्ञानिकाने भाषेकडे बोट दाखवावे आणि भाषेच्या विद्यार्थ्यांनी विज्ञानाकडे पाठ फिरवावी, हे काही बरे नाही.

माझी सूचना साधी आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने आपण एक 'कृतिवही' तयार करावी. कृती निवडताना विज्ञानाच्या प्राध्यापकांचा सल्ला घ्यावा. लेखन मात्र आपण करावे. वाक्ये लहान असावीत आणि जेथे अहिराणी शब्द मुलांच्या तोंडी आहे तेथे तोच आधी यावा. शास्त्रीय संज्ञा कृतीच्या शेवटी यावी. अशा वीस कृती लिहून झाल्या, तरी तालुक्यातील गुरुजींना त्या कुलपातल्या पेटीपेक्षा अधिक उपयोगी पडतील. मित्रहो, ज्यांना पुढे वर्गात उभे राहावयाचे आहे त्यांनी निदान एक बाटली, एक खिळा आणि एक बादली पाणी घेऊन आजच सुरुवात करावी.